काठाचा धोटा

त्या संग्रहालयात आम्ही शिरलो ते कूलरच्या आवाजामुळे. एप्रिल संपत आला होता. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले होते आणि तपासणीसाठी मी त्यांना नागपुरात कामठी रस्त्यावरच्या एका दवाखान्यात घेऊन गेले होते. एक्स-रेसाठी रांग इतकी, की खिडकीतल्या मुलीने नंबर लिहून दिला आणि सांगितलं, दोन तासांनी या. दोन तासांसाठी नंदनवनला घरी जायचं आणि परत यायचं हे त्यांच्या गुडघ्याला झेपणारं नव्हतं. दवाखान्यातले पंखे गरम हवा फिरवत होते.

रस्त्यापलीकडे एक जुना बैठा बंगला होता. फाटकाशी चाकांवरची लहानशी तोफ, तिच्यावर कडुनिंबाची सावली, आणि पाटी : युद्ध-इतिहास संग्रहालय, वेळ दहा ते पाच. आतून वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास येत होता.

"कूलर आहे वाटते तिथं," सासूबाई म्हणाल्या. "चाल वं, बसू घटकाभर."

मी हिंगण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. पंपाचे सुटे भाग माझ्या टेबलावर येतात, मी मोजमाप घेते, बरोबर असेल तर शिक्का मारते. सुट्टी बुधवारी. म्हणून त्यांची दवाखान्याची कामं माझ्याकडे. माझ्या लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याजवळच राहत होत्या. उमरेडच्या विणकर घरातल्या. बोलणं कमी. त्यांची एकच सवय मला खटकायची. कुठेही गेलो, कोणाच्याही घरी, की त्या पडदा, चादर, नाहीतर समोरच्या बाईच्या साडीचा पदर दोन बोटांत धरून चोळून बघायच्या. काही बोलायच्या नाहीत, बघून सोडून द्यायच्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

संग्रहालय सांभाळणारे गृहस्थ दारातच भेटले. ताठ, पांढऱ्या मिशांचे, इस्त्रीचा शर्ट पँटमध्ये खोचलेला. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मूळचे नरखेडकडचे, संत्र्याच्या बागा असलेल्या गावातले, हे त्यांनी पहिल्या दोन मिनिटांतच सांगितलं. बऱ्याच दिवसांत कोणी आलेलं नसावं, कारण आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"या माताजी, या. आधी पाणी प्या. मग मी एकेक दाखवतो."

चार खोल्यांचंच संग्रहालय. पहिल्या खोलीत बंदुका, काडतुसांचे पट्टे, बर्फात घालायचे जाड बूट. दुसरीत वायरलेसचा संच, जेवणाचे पत्र्याचे डबे, घरी लिहिलेली आणि घडीवर फाटलेली पत्रं. सुभेदार साहेब फार मनापासून सांगत होते. एका डब्यावर पोचा होता, तो कसा पडला असेल हे त्यांनी हाताने हवेत काढून दाखवलं. मी "हो का, अरे वा" करत होते. सासूबाई मात्र बंदुकांकडे बघतही नव्हत्या. त्या थांबल्या फक्त पायाला गुंडाळायच्या लोकरी पट्ट्यांपाशी आणि हवाई छत्रीच्या कापडापाशी. तिथे त्यांचा हात पुढे झाला आणि मी तो हळूच मागे घेतला.

शेवटच्या खोलीत नागपूरच्या राजाच्या फौजेतल्या वस्तू होत्या. ढाल, दोन तलवारी, भाल्याची पाती. मधोमध काचेचं एक कपाट आणि त्यात, लाल मखमलीवर, घडी घातलेला एक शेला. कमरेला बांधायचा. अंग मातकट तांबडं, काठ काळपट हिरवे. बाजूला कार्ड : 'शिपायाचा शेला. वंशजांकडून भेट. कापड उत्तर हिंदुस्तानी. विणकर अज्ञात.'

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मग कपाटाच्या एका बाजूने बघितलं, चालत दुसऱ्या बाजूला गेल्या, खाली वाकायला गेल्या तर गुडघा आडवा आला. मी त्यांचा दंड धरला. त्या माझ्या हाताला धरून तशाच अर्धवट वाकलेल्या राहिल्या.

"हा उलटा ठेवला जी," त्या म्हणाल्या.

सुभेदार साहेब हसले. "उलटा कसा माताजी? दोन्हीकडून सारखाच दिसतो तो."

"दिसते सारखा. पण नाही सारखा. हा पाठीचा भाग वर आला आहे. अन् हे उत्तरेचं नाही. आमच्याकडचं आहे."

"तुमच्याकडचं म्हणजे?"

"उमरेडचं. नाहीतर इथलंच, नागपूरचं. करवती काठ आहे ना हा." त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "हे दात पाहा. काठाचा धागा अन् अंगाचा धागा एकमेकांत अडकवून परत फिरवला आहे. दर फेरीले. एका माणसाच्यानं नाही होत हे, दोन जण लागते. अन् दोन जणच होते. इकडच्या काठाचे दात पाहा अन् तिकडच्या. हात वेगळा आहे."

मी वाकून पाहिलं. काठ आणि अंग जिथे मिळत होते तिथे करवतीसारखे बारीक दात होते, ते मला दिसले. दोन बाजूंत फरक मात्र मला दिसेना. आणि फरक बघणं हेच माझं रोजचं काम.

सुभेदार साहेबांचं हसू थोडं आखडलं. ते कार्ड त्यांनी लिहिलेलं नव्हतं, बाहेरून आलेल्या एका जाणकाराने पूर्वी कधी लिहून दिलं होतं. तरी पाहुण्याने घरातली भिंत वाकडी आहे म्हणावं तसं त्यांना वाटलं असणार. अदबीने त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः विणत होता का, माताजी?"

सासूबाई गडबडल्या. काचेवरचं बोट त्यांनी काढून घेतलं.

"नाही. म्हणजे माग बापाचा होता, मंग भावाचा. मी नुसता काठाचा धोटा टाकायची."

"अच्छा," सुभेदार साहेब म्हणाले, आणि त्या 'अच्छा'ने विषय संपल्यासारखा झाला. कपाट उघडायचं तर समितीची परवानगी लागते, असं त्यांनी सांगितलं. आमच्या एक्स-रेची वेळ झाली होती. मी आभार मानले आणि सासूबाईंना घेऊन निघाले. खरं सांगायचं तर मला शरमल्यासारखंच झालं होतं. कूलरसाठी आत गेलो आणि तिथल्या लोकांचीच चूक काढून बाहेर आलो, असं.

परतताना ऑटोत मी विचारलं, "आई, काठाचा धोटा टाकायचा म्हणजे नेमकं काय?"

एवढ्या वर्षांत मी त्यांना हे विचारलं नव्हतं. घर येईपर्यंत त्या बोलतच होत्या. धोटा म्हणजे पोटात धाग्याची कांडी असलेली लाकडी नाव, ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांमधून ती इकडून तिकडे जाते. साध्या कापडाला एक धोटा पुरतो. करवती काठाला तीन लागतात, एक अंगाचा आणि दोन काठांचे. विणकर डावीकडे सरकून बसतो, अंगाचा आणि डाव्या काठाचा धोटा त्याच्याकडे. उजव्या काठाला दुसरा माणूस. तो कोण, तर घरातली पोरगी. दर फेरीला तिने आपला धोटा पुढे करायचा, विणकराच्या धाग्याला अडकवायचा आणि परत घ्यायचा. जास्त ओढला तर दात मोडतो, कमी ओढला तर भोक पडतं.

"नवव्या वर्षी बसवलं मले बापानं," त्या म्हणाल्या. "चौथी झाली, शाळा सुटली. लग्न होऊन येईपर्यंत बसत होती. दहा वर्षं म्हण. दादा मागावर बसायले लागला तं त्याच्याही बाजूले मीच."

"मग तुम्ही विणकरच की, आई."

"नाही वं. आमच्यात मागावर बसते तो विणकर. बाजूले बसते त्याले काही नाव नाही."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. असतं तसं सांगितलं. पण मला ते लागलं. आमच्या कारखान्यात साधा एक नट बनतो तरी त्याच्या कार्डावर मशीन चालवणाऱ्याचा नंबर असतो आणि तपासणाऱ्याचा वेगळा. माझा शिक्का नसेल तर पेटी गेटबाहेर जात नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी संग्रहालयाला फोन लावला. सुभेदार साहेबांनी ओळखलं. म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? माताजी येऊन गेल्यापासून मी चार वेळा भिंग घेऊन बघितलं. दोन्ही काठ वेगळे वाटतात मला. पण वाटून काय उपयोग? अध्यक्ष साहेबांना सांगावं लागेल."

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. अध्यक्ष, म्हणजे फौजेतलेच एक निवृत्त मोठे अधिकारी, कपाट उघडायला तयार होते. पण त्यांची अट होती. कुटुंबातला, मागावर प्रत्यक्ष बसलेला कोणी माणूस यावा आणि त्याने बघून लेखी द्यावं. सुभेदार साहेबांनी हे जरा चाचरतच सांगितलं.

मी ते घरी कसं सांगायचं याचा बसमध्ये पूर्ण वेळ विचार केला. सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. कशाले त्या जुन्या फडक्याच्या मागे लागली आहेस? आईले ऊन लागेल." सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा हात थांबला नाही, पण मेथीच्या काड्या पानांच्या ढिगात आणि पानं काड्यांत जायला लागली.

"दादाले बोलव," शेवटी त्या म्हणाल्या. "तो सांगेल."

त्यांचा दादा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे मामा. वय एक्क्याऐंशी. उमरेडच्या त्यांच्या गल्लीत ते अजूनही 'कारागीर' म्हणून ओळखले जात, जरी माग बंद होऊन पुष्कळ वर्षं झाली होती आणि मुलं सगळी दुसऱ्या धंद्यांत होती. लग्नकार्यात त्यांना पुढच्या रांगेत बसवत. मोठा आवाज, मोठी पगडी नसली तरी तसाच तोरा. मला त्यांची थोडी भीती वाटायची. मी फोनवर सगळं सांगितलं.

"ती म्हणते उलटा आहे?" मामाजींनी विचारलं.

"हो."

"मंग मले काहून बोलावून राहिले?"

"त्यांना मागावर बसलेला माणूस हवा, मामाजी."

"येतो," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या बुधवारी ते सकाळच्या एसटीने आले. धोतर, पांढरा सदरा, काखेत पिशवी. सासूबाईंनी ठेवणीतली टसर नेसली होती, तिचे काठ करवती होते. ऑटोत दोघं शेजारी बसले, पण रस्ताभर एकमेकांशी शेताबद्दल, एका आजारी आत्याबद्दल बोलले. शेल्याचा शब्दही नाही.

संग्रहालयात टेबलावर पांढरी चादर अंथरलेली होती. अध्यक्ष खुर्चीत बसले होते, उंच, कमी बोलणारे, डोळे मात्र तेज. सुभेदार साहेब हातमोजे घालून तयार. अध्यक्षांनी उठून मामाजींना नमस्कार केला आणि खुर्ची पुढे केली. सासूबाईंना सुभेदार साहेबांनी भिंतीजवळच्या बाकावर बसवलं.

"सांगा," अध्यक्ष मामाजींना म्हणाले. "तुमचं काय मत आहे?"

मामाजी कपाटाजवळ गेले. दोन्ही हात मागे बांधून त्यांनी बराच वेळ बघितलं. मग वळले.

"अंगाचं मी सांगतो. सूत हातचं आहे, फणी बारीक आहे, धागा दाट बसला, माणूस पक्का कारागीर होता. आमच्याकडचाच. पण साहेब, काठाचं मले काय विचारता?" त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "काठ त्या बाईचा आहे. माह्या मागावरचं जेवढं लुगडं बाजारात नावाजलं ना, ते काठावरून नावाजलं. लोकं माह्या पाठीवर थाप मारायचे, मी मारून घ्यायचो. तिले इथं आणा. खुर्ची तिले द्या."

सासूबाई बाकावरून उठेनात. त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला होता आणि भावाकडे बघत होत्या, जणू तो वेगळ्याच भाषेत बोलला.

मामाजी स्वतः गेले आणि त्यांना हाताला धरून खुर्चीपर्यंत घेऊन आले. "बस. बोल आता. मी आहे ना."

अध्यक्षांचा चेहरा बदलला. ते सासूबाईंकडे वळून म्हणाले, "माझी चूक झाली. मी पहिल्यांदाच तुम्हाला विचारायला हवं होतं. आता कपाट उघडायच्या आधी एक करू या. आत काय निघेल ते तुम्ही सांगा, सुभेदार लिहून घेतील. मग उघडू."

ही खरी परीक्षा होती. सासूबाईंनी डोळे मिटले. मग सावकाश, एकेक शब्द ठेवत, त्या सांगू लागल्या. सुभेदार साहेब लिहीत होते.

"खालची बाजू सुलट आहे, अन् तिले उजेड लागला नाही, म्हणून तिचा रंग जास्त उजळ राहील. उलट्या बाजूले दातांजवळ बारीक उंचवटा लागेल, बोटाले लागेल, डोळ्याले नाही. अन् एका टोकाले हळदीचं सूत निघेल. माग सुरू करताना पहिल्या चार फेऱ्या हळदीत भिजवलेल्या सुताच्या टाकायच्या, अशी आमच्या गल्लीत रीत. फक्त सुरुवातीले. दुसऱ्या टोकाले नाही राहणार."

"आणि नाही निघालं तर?" अध्यक्षांनी विचारलं. वाईट हेतूने नव्हे, पण विचारलं.

"तं तुमचं कार्ड खरं," सासूबाई म्हणाल्या.

सुभेदार साहेबांनी कुलूप काढलं. शेला दोन्ही तळहातांवर घेऊन, झोपलेलं मूल न्यावं तसा, टेबलावर आणला. एकेक घडी उलगडली. पहिली गोष्ट सगळ्यांना एकदमच दिसली. खालची बाजू वर आली तशी मातकट तांबडा रंग गेला आणि डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल समोर आला. अध्यक्ष खुर्ची सरकवून पुढे झाले. सुभेदार साहेबांनी परवानगी घेऊन एका हाताचा मोजा काढला, पाठीच्या बाजूने काठावरून बोटाचं टोक अगदी हलकं फिरवलं आणि थांबले.

"लागतं," ते म्हणाले. "सर, लागतं बोटाला."

मग पहिलं टोक. दशा सुटलेल्या, धागे विरलेले. भिंगाखाली लाल, हिरवा, परत लाल. हळद नाही. सुभेदार साहेबांनी दोनदा बघितलं. सासूबाई मात्र शांत होत्या.

"हे शेवटाचं टोक आहे," त्या म्हणाल्या. "दुसरं पाहा."

दुसरं टोक आत, सगळ्यात खालच्या घडीत होतं. ते काळवंडलेलं होतं, कोणे काळी घामाने नाहीतर पाण्याने. सुभेदार साहेबांनी भिंग लावलं. त्यांनी खिडकीची ताटी बाजूला सारली, ऊन आत आलं, त्यांनी परत वाकून बघितलं. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

"मॅडम, तुम्ही तपासणीत आहात ना? तुम्ही बघा. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही."

मी वाकले. काळपट धाग्यांच्या अगदी कडेला, दशांच्या मुळाशी, पिवळा रंग होता. फिका, पण पिवळाच. एक, दोन, तीन, चार. मी परत मोजले. आयुष्यात मी हजारो वस्तू मोजल्या असतील, पण हे मी मोठ्याने मोजले.

"चार," मी म्हटलं. "चार आहेत, आई."

सुभेदार साहेबांच्या तोंडून फौजी आवाजात "शाब्बास!" निघालं आणि ते त्यांनाच इतकं मोठं वाटलं की ते दचकले. मामाजी टाळी वाजवून मोकळे झाले. अध्यक्ष उभे राहिले होते. त्यांनी सासूबाईंपुढे हात जोडले. सासूबाई हसत होत्या. मी त्यांना तसं, दात दिसतील असं हसताना क्वचित बघितलं होतं.

"तुमच्याच घरचा आहे असं मात्र म्हणता येणार नाही," अध्यक्ष जरा वेळाने म्हणाले. ते काटेकोर माणूस होते.

"मी कुठं म्हणते? आमच्या घरचा काहून राहील? पण आमच्या लोकांचा आहे. तेवढं लिहा."

सुभेदार साहेबांनी नोंदवही काढली आणि पेन उघडलं. "सांगा माताजी, काय लिहू?" त्यांनी लिहायला घेतलं : नागपूर-उमरेड भागातील हातमागाचे काम. करवती काठ. मग लिहिलं, विणकर अज्ञात.

"एक नाही," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"विणकर एक नाही, दोन. दोन लिहा. नावं नाही माहीत तं नाही. पण दोघं होते ते तं माहीत आहे."

सुभेदार साहेबांनी अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्षांनी मान हलवली. जुनी ओळ खोडून नवी लिहिली गेली : 'दोन विणकर. एक मागावर, एक उजव्या काठाला. नावे अज्ञात.' खाली, माहिती देणाऱ्याच्या जागी, सासूबाईंनी सही केली. चौथीपर्यंतचं अक्षर, मोठं, गोल, एकेक काना ठाम. मामाजींना लेखी द्यायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तिनं दिलं ना? मंग झालं."

बाहेर पडल्यावर मामाजींनी आम्हाला पोहे खाऊ घातले, वर झणझणीत तर्रीचा रस्सा ओतून, एवढ्या उन्हात. सासूबाईंनी दोन प्लेट खाल्ल्या.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा मी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. तो ऐकत गेला. मग आईजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "आई, मले कधी सांगतलंच नाही तू हे."

"तू कधी विचारलं?" सासूबाई म्हणाल्या. रागाने नाही. आनंदात होत्या त्या.

शेला आता सुलट ठेवला आहे. डाळिंबी रंगामुळे ती खोली दारातूनच वेगळी दिसते. नवं कार्ड मराठीत आणि हिंदीत आहे, आणि सुभेदार साहेब येणाऱ्या प्रत्येकाला हळदीच्या धाग्याची गोष्ट सांगतात. ते तिथे भिंग बांधून ठेवणार होते, अध्यक्षांनी नको म्हटलं.

दिवाळीनंतर संग्रहालयाचा वाढदिवस झाला. त्या दिवशी सासूबाईंनी काठ विणून दाखवावा, अशी अध्यक्षांची इच्छा होती. मामाजींनी माळ्यावरून मागाची फणी आणि तीन धोटे काढले, ओळखीच्या सुताराकडून उंच बैठकीचा लहान माग जोडून घेतला, आणि सगळं एका टेम्पोत घालून स्वतः बरोबर आले. व्हरांड्यात माग उभा राहिला. निवृत्त फौजी, त्यांच्या बायका, छावणीतली बरीच मंडळी जमली होती. मी सुट्टी काढली होती आणि माझ्या विभागातल्या चौघी मैत्रिणी आपापल्या गाड्या काढून आल्या होत्या.

सासूबाई सवयीने उजवीकडच्या स्टुलावर जाऊन बसायला लागल्या.

"तिकडं नाही," मामाजी म्हणाले. "तू मागावर बस. काठाचा धोटा मी टाकतो."

"तुले जमते का?"

"पाहू ना."

त्या मागावर बसल्या. पायाखालच्या पट्ट्या दाबायला गुडघा आधी कुरकुरला, मग चालायला लागला. पहिल्या चार फेऱ्या त्यांनी पिवळ्या सुताच्या टाकल्या, आदल्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात हळदीत भिजवलेल्या. मग लाल. मामाजींनी आपला हिरवा धोटा पुढे केला, धागा अडकवला आणि परत खेचला.

"ओढू नको गा दादा," सासूबाई म्हणाल्या. "दात मोडते."

लोक हसले, सगळ्यांत जास्त मामाजी हसले. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून त्यांचा हात बसला. खटक, खटक असा आवाज व्हरांडाभर जायला लागला. बोटभर कापड झालं तेव्हा दोन्ही काठांशी करवतीचे दात स्पष्ट उमटले होते, एका बाजूचे एकसारखे, दुसऱ्या बाजूचे जरा वेडेवाकडे. माझी एक मैत्रीण वाकून बघत मला म्हणाली, "अगं, दोन्हीकडचा हात वेगळा आहे." मी काही सांगितलेलं नव्हतं. तो तिचा तिलाच दिसला.

दुपारपर्यंत वीतभर कापड झालं. सुभेदार साहेबांनी नोंदवहीत त्याला नवा नंबर दिला आणि या वेळी विणकरांच्या जागी दोन पूर्ण नावं लिहिली. पहिलं सासूबाईंचं.